वेगळं राहण्याचं वर्ष

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराची पुढची खोली. आम्ही दोघं वेताच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "चूक कुणाची?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे दारू, मारहाण, दुसरी बाई, दुसरा पुरुष, सासरचा छळ," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "यातलं काही?"

त्या अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड बोलत होत्या. कन्नडातलं अर्धं मी माझ्या नवऱ्याला मराठीत सांगत होते. स्वतःच्या घटस्फोटाची दुभाषी मीच.

"यातलं काही नाही," तो म्हणाला. मीही मान हलवली.

"मग कशाला हवाय?"

तो माझ्याकडे बघत राहिला, कारण मागणी माझी होती. मी म्हणाले, "आम्हांला एकमेकांशी बोलता येत नाही." बोलल्यावर मलाच ते फार किरकोळ वाटलं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही पुढे ओढली.

"मग दोघांच्या संमतीनं करा. त्यात कुणाची चूक दाखवावी लागत नाही. पण अट आहे. अर्ज करायच्या आधी सलग एक वर्ष तुम्ही वेगळं राहिलेलं असलं पाहिजे. अर्ज दिल्यावर कमीत कमी सहा महिने थांबायचं. मग कोर्ट पुन्हा विचारणार, अजून तेच मत आहे ना."

"आम्ही तसे वेगळेच राहतो," मी म्हणाले. "घर एक आहे, एवढंच."

"कायद्यात तेही बसतं. एका छपराखाली राहूनसुद्धा माणसं वेगळी राहू शकतात. पण ते पटवून कोण देणार? त्यापेक्षा दोन पत्ते करा. ऑफिसात बदला, बँकेत बदला, पत्रं नव्या पत्त्यावर येऊ द्यात. आणि मधेच पुन्हा नवरा-बायको म्हणून एकत्र राहू नका. राहिलात, तर वर्ष पहिल्यापासून मोजायचं."

बाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "शेवटचं काय म्हणाल्या?"

"मधे एकत्र आलो तर वर्ष पुन्हा सुरू होतं."

"मग यायचं नाही," तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारली. त्या दिवशी मी त्याच्याच मागे बसून घरी गेले.

आमचं घराणं बेंगळूरचंच. किती पिढ्यांपासून, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर आलो आणि इथेच राहिलो, असं वडील सांगत. घरात मराठी होती, पण ती आमची मराठी. 'ऊट झालं का?', 'स्वल्प थांब', 'सरी, येते मग', सरी म्हणजे बरं. माझा नवरा पुण्याचा. इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनीअर म्हणून लागला होता. परमुलखात मराठी मुलगी मिळाली, याचं त्याच्या आईला कोण समाधान! लग्नानंतर पंधरा दिवसांत त्यानं माझी मराठी दुरुस्त करायला घेतली. रागावून नाही, हसत हसत. "स्वल्प काय? थोडं म्हण." "ऊट नाही गं, जेवण." त्याचे मित्र आले की तो माझ्या तोंडून मुद्दाम काहीतरी वदवून घ्यायचा. सगळे हसायचे, मीही हसायचे.

तिसऱ्या वर्षापर्यंत मला सवय लागली होती, की कुठलंही वाक्य बोलायच्या आधी ते मनात एकदा तपासून बघायचं. तपासता तपासता बरीचशी वाक्यं बोलायची राहून जायची. आठव्या वर्षी आमच्यात गॅसचा सिलिंडर, इस्त्रीचे कपडे आणि त्याच्या आईची पत्रं एवढेच विषय उरले होते. मूल झालं नाही. तपासण्या झाल्या, दोघांतही दोष निघाला नाही. तिथेही चूक कुणाचीच नव्हती.

आणि कन्नड त्यानं शिकून घेतली नाही ती नाहीच. भाजीवाली, घरमालक, रिक्षावाला, सगळ्यांशी बोलायचे मी. तो मागे पिशवी धरून उभा. "मला काय करायचंय ती भाषा शिकून? निवृत्त झालो की पुण्याला जायचं." रागीच्या मुद्द्याचं, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याचं, तर नावच काढायचं नाही. माझ्या माहेरी रोजचं जेवण ते, पण एकदा केला तेव्हा तो ताटाकडे बघून म्हणाला, "हे खायचं की याच्या भिंती लिंपायच्या?" मी पुन्हा केला नाही.

त्या आठव्या वर्षी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, मला हे नको. त्यानं पेपर घडी घालून खाली ठेवला. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं."

ते 'तू म्हणशील तसं' मला फार लागलं होतं. भांडला असता, तर कदाचित मी थांबले असते.

राजाजीनगरचं घर त्याच्याकडे राहिलं आणि मी मल्लेश्वरममध्ये एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेतली. मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करत होते. तिथं पत्ता बदलून दिला. अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ, ट्रंक पोचवायला आला. खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "घरी ये म्हटलं तर येत नाहीस. इथं एकटी काय करणार गं?"

"वर्ष मोजणार," मी म्हणाले.

पहिले सहा महिने मी खरंच सुखात होते. त्या खोलीत मी मोठमोठ्यानं बोलायचे, स्वतःशीच. मुद्दा करून खायचे. मालकीणबाईंशी तासन्‌तास कन्नडमध्ये गप्पा मारायचे. मला वाटायचं, तिकडे तो भात करपवत असेल, भाजीवालीसमोर बोटानं दाखवत उभा राहत असेल. त्याची कीव यायची, आणि त्या कीवेत मजाही वाटायची.

सातव्या महिन्यात माझी पदवीची सर्टिफिकेटं लागली. ती कपाटात राहिली होती. रविवारी सकाळी गेले. फाटकापाशीच मला त्याचा आवाज ऐकू आला. तो कन्नड बोलत होता.

मी तिथंच थबकले. व्हरांड्यात दोन खुर्च्या, मधे स्टूल, स्टुलावर पाटी. पाटीसमोर तो, आणि त्याच्या समोर एक बाई. माझ्याच वयाची असेल. सावळी, केसांत अबोलीचा छोटा गजरा, सुती साडी. तो वाचत होता, अडखळत होता, आणि ती प्रत्येक वेळी म्हणत होती, "परवागिल्ला, परवागिल्ला." असू दे, चालेल. तो चुकला आणि ती हसली नाही. तो पुन्हा म्हणाला, या वेळी बरोबर. मग दोघंही हसले.

मला बघून तो उठला. "ये ना. या आमच्या टीचर. कारखान्यात कन्नडचा वर्ग सुरू झालाय. या इथं पलीकडच्याच गल्लीत राहतात, म्हणून रविवारी जरा जास्तीचं शिकवतात."

टीचर उठून उभ्या राहिल्या, हात जोडले. त्यानं माझी ओळख कशी करून दिली, ते मी नीट ऐकलं नाही. मी आत जाऊन सर्टिफिकेटं घेतली. स्वयंपाकघरात डोकावले. ओटा स्वच्छ होता, आणि डब्यांवर त्यानं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, कन्नड अक्षरांत. अक्की, बेळे, सक्करे. तांदूळ, डाळ, साखर. पोरासारखं गोल, काळजीपूर्वक काढलेलं अक्षर. एका डब्यावर रागी लिहिलेलं होतं. मी झाकण उघडून पाहिलं. पीठ होतं, आणि निम्मं संपलेलं होतं.

आठ वर्षं मी त्या माणसाला भाजीचं नाव शिकवू शकले नव्हते.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. तू मागितलास ना घटस्फोट? मग तो कन्नड शिको नाहीतर बासरी. पण संध्याकाळी ग्रंथालय सुटलं की माझे पाय भलत्याच बसकडे वळायचे. राजाजीनगरच्या आमच्या गल्लीच्या टोकाला उतरायचं, समोरच्या दुकानात काहीतरी घ्यायचं, आणि व्हरांड्याकडे बघत उभं राहायचं. सुया, साबण, काड्यापेट्या. माझ्या खोलीत काड्यापेट्यांचा ढीग झाला. कधी व्हरांडा रिकामा असायचा, तेव्हा मला वाटायचं, आत असतील. कधी तो एकटाच पुस्तक घेऊन बसलेला दिसायचा, तेव्हा वाटायचं, ती आत्ताच गेली असेल. एकदा ती खरंच दिसली. फाटकाशी उभी राहून बोलत होती, हातात छत्री, आणि तो ऐकत होता. नुसता ऐकत होता. मान थोडी कलती करून, मधे न बोलता. मी दुकानातून तशीच बाहेर पडले. दुकानदार सुट्टे पैसे घेऊन मागून हाका मारत राहिला.

दहाव्या महिन्यात ग्रंथालयात अण्णाचा फोन आला. "तो दवाखान्यात दिसला मला. डोळे पिवळेजर्द झालेत. कावीळ आहे. तुला सांगू नको म्हणाला, म्हणून सांगतो."

"त्याच्याकडे कोण आहे?"

"कुणी नाही वाटतं. आईला कळवू नको म्हणतो. कोण ती टीचर आहे ना, ती डबा देते म्हणे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आज मी हे लिहिते आहे तेव्हा खोटं कशाला लिहू? त्याच्या काळजीनं मी गेले, हे खरं. पण बसमध्ये बसल्यावर डोळ्यांसमोर येत होता तो डबाच.

तो पलंगावर पडला होता. गालफडं बसलेली, नखंसुद्धा पिवळी. मला बघून उठायला लागला. "तू कशाला आलीस? वर्ष मोडेल."

"पडून राहा," मी म्हणाले आणि पदर खोचला.

सहा वाजता दार वाजलं. टीचर. हातात स्टीलचा डबा, त्यात ताकात कालवलेली रागीची आंबील. मला दारात बघून त्या जरा दचकल्या. "नीवु..." तुम्ही... असं काहीतरी म्हणाल्या. त्या रविवारी भेटलो होतो, ते त्यांना आठवत असणारच. पण मी पूर्ण वाक्यात, स्वच्छ कन्नडमध्ये सांगितलं, "नानु अवर हेंडती." मी त्यांची बायको.

"गोत्तु," त्या हळूच म्हणाल्या. माहीत आहे.

"कोर्टाचं अजून काही झालेलं नाही. अर्जसुद्धा दिलेला नाही. कायद्यानं आमचं लग्न जसंच्या तसं आहे. आता मी आले आहे. डब्याची गरज नाही."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. रिकाम्या हातानं पदर सारखा केला, "सरी," म्हणाल्या, आणि डबा घेऊन परत गेल्या. मी दार लावलं, कडीसुद्धा घातली.

"कोण होतं?" आतून त्यानं विचारलं.

"कुणी नाही. चुकून आलं होतं."

मी तिथं नऊ दिवस राहिले. मी आतल्या खोलीत झोपायचे, तो बाहेर. पातळ भात, उकडलेल्या भाज्या, उसाचा रस, सगळं वेळेवर. रागीची आंबीलही केली, तिच्यापेक्षा चांगली. तो निमूटपणे प्यायला. "छान आहे," म्हणाला. "आधी का नाही केलीस कधी?"

मी भांडं आपटलं. "आधी?" एवढंच म्हणाले. त्याला खरंच आठवत नव्हतं.

पण त्याच दिवसांत आम्ही बोललोही. दुपारी तो उशाला टेकून बसायचा, मी दारातल्या पायरीवर भाजी निवडत बसायचे. एकदा त्यानं मला विचारलं, तुमच्यात 'दमलो'ला काय म्हणतात? मी सांगितलं. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं. "मला कळायला पाहिजे होतं," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "कन्नड वर्गात पहिल्या दिवशी उभं राहून बोलायचं होतं. तोंडच उघडेना. वाटलं, सगळे हसतील. तेव्हा तू आठवलीस." मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिले. हे वाक्य मला आठ वर्षं हवं होतं, आणि ते त्याला दुसऱ्या बाईच्या वर्गात सुचलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट.

नवव्या दिवशी तो हिंडाफिरायला लागला. कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, आणि परत आला तो तोंड उतरलेलं. "टीचर रस्त्यात भेटल्या. नमस्कार करून पलीकडे निघून गेल्या. इतके दिवस आल्याही नाहीत. तू त्यांना काही म्हणालीस?"

"मी बायको आहे, असं सांगितलं. खोटं आहे?"

"तू बायको राहणार नाही म्हणून घराबाहेर पडलीस!" तो ओरडला. आमच्या लग्नात तो पहिल्यांदाच ओरडला. "वर्षभर मी तुझ्या आड आलो का? तू कुणाशी बोलतेस, कुठं जातेस, एका शब्दानं विचारलं?"

"का नाही विचारलं?" मीही ओरडले. "का नाही विचारलं एका शब्दानं?"

त्यावर तो खुर्चीत बसला. मी पिशवी भरली आणि निघाले.

वर्ष भरलं तशी वकीलबाईंनी आम्हांला बोलावलं. अर्जाचा मसुदा तयार होता. त्यांनी वाचून दाखवला, दोघंही एक वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत आहोत, एकत्र राहणं आम्हांला शक्य झालेलं नाही. "बरोबर? मधे एकत्र राहिला नाहीत ना?"

त्यानं सरळ सांगितलं. "मला कावीळ झाली होती, तेव्हा ही नऊ दिवस आली होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजारपणात शुश्रूषा केली म्हणजे संसार केला असं होत नाही. पण मला स्पष्ट कळलं पाहिजे, हे शपथेवर लिहायचंय. नवरा-बायको म्हणून राहिलात का?"

तो म्हणाला, "नाही." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मला दिसलं, की एक शब्द माझ्या हातात आहे. मी नाही म्हटलं, की सहा-सात महिन्यांत तो मोकळा, आणि पलीकडची गल्ली तिथंच आहे.

"हो," मी म्हणाले. "राहिलो. वर्ष पुन्हा मोजा."

तो हबकला. मला वाटलं, आता तरी भांडेल, खोटं बोलतेस म्हणेल. तो उठला, बाईंना नमस्कार केला, आणि मला म्हणाला, "सरी."

त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. व्हरांड्यातली दुसरी खुर्ची गेली. मी अजूनही त्या दुकानात उभी राहायचे, त्यामुळे मला माहीत होतं. ती येत नव्हती. तो रविवारी एकटा बसायचा, समोर पुस्तकसुद्धा नसायचं. कावीळ गेली तरी अंग भरलं नव्हतं. एकदा तो भाजीच्या गाडीपाशी उभा होता. भाजीवालीनं काहीतरी विचारलं. त्याला येत होतं ते उत्तर, मला माहीत आहे. पण त्यानं नुसतं बोट दाखवलं आणि पिशवी पुढे केली.

ते बघून मला कसलंही समाधान झालं नाही. मी त्या बसमधून घरी आले आणि मालकीणबाईंना म्हणाले, मला बरं वाटत नाही, आज जेवत नाही.

पुढच्या रविवारी मी पलीकडच्या गल्लीत गेले. विचारत विचारत टीचरचं घर सापडलं. दोन खोल्या, दारात तुळस, आत वह्यांचे गठ्ठे. त्या एकट्याच होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. मग समोर बसून वाट बघत राहिल्या.

मी सांगितलं. घटस्फोट मीच मागितला होता. नऊ दिवस मी वेगळ्या खोलीत राहिले. वकिलांसमोर खोटं बोलले. आणि तुमचा डबा परत पाठवला, तो काही नवऱ्याच्या काळजीनं नाही.

"मग कशानं?" त्यांनी विचारलं. कळलं होतं त्यांना, पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

कन्नडमध्ये मत्सराला होट्टेकिच्चु म्हणतात, पोटातली आग. मी तोच शब्द वापरला.

"तुम्ही त्या दिवशी दार लावलंत, तेव्हा मला फार अपमान वाटला," त्या म्हणाल्या. "घरी येऊन ती आंबील मी मोरीत ओतली. वाटलं, आपण लोकांच्या संसारात कशाला गेलो? आणि खरं सांगू? मलाही होट्टेकिच्चु होतं. ते शिकताना सारखे तुमच्याबद्दल बोलायचे. माझी बायको हा शब्द असा म्हणते, ती तसं म्हणते. मला वाटायचं, मग ती गेली कशाला?"

मी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"तुम्हांला ते आवडतात का?" शेवटी मी विचारलं.

"ते आता मी तुम्हांला सांगणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचं आधी संपू द्या. नाहीतर संपवू नका. पण काय ते एक ठरवा. मधल्या मधे मला उभं करू नका."

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "कोर्टाची कागदपत्रं म्हणजे काय खेळ वाटला तुम्हांला? तो माणूस सज्जन म्हणून गप्प बसला. अशानं तुमच्यावर कुणी विश्वास ठेवेल?" मी ऐकून घेतलं. मग त्यांनी तोच मसुदा काढला, तारखा बदलल्या, नऊ दिवसांच्या आजारपणाचं एक वाक्य घातलं आणि त्याला फोन केला.

तो आला. सही करण्याआधी त्यानं विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. "आणि मी टीचरकडे जाऊन आले. माफी मागितली."

त्यानं मान हलवली आणि सही केली. आभार मानले नाहीत, ते बरं झालं.

अर्ज दाखल झाला. मग ते सहा महिने. त्या सहा महिन्यांत मी त्या दुकानाकडे फिरकले नाही. ज्या दिवशी फारच वाटायचं, त्या दिवशी मी अण्णाकडे जेवायला जायचे आणि त्याच्या मुलींचा अभ्यास घ्यायचे.

शेवटच्या तारखेला न्यायाधीश वयस्कर होते, शांत. त्यांनी आधी मला विचारलं, मग त्याला. कन्नडमध्येच विचारलं, आठ-दहा वर्षांचा संसार आहे, पुन्हा एकदा विचार करावासा वाटत नाही का? चूक कुणाची?

सवयीनं मी भाषांतर करायला तोंड उघडलं. पण तो बोलू लागला होता. हळूहळू, शब्द जुळवत. "यारद्दू तप्पिल्ला, सार." कुणाचीच चूक नाही. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "इवरु ओळ्ळेयवरु." या चांगल्या आहेत. मराठीत तो मला तू म्हणायचा, आणि चारचौघांत 'आमची ही'. कन्नडमध्ये त्यानं मला आदरानं उल्लेखलं, कारण ती भाषा तो मान देऊन बोलायला शिकला होता. कुणी शिकवलं, ते मला माहीत होतं. भर कोर्टात मला पुन्हा पोटात तेच पेटल्यासारखं झालं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. न्यायाधीशांना वाटलं, मला घटस्फोट नको आहे. त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "हवा आहे, सार."

हुकूम झाला. बाहेर आल्यावर आम्ही कँटीनमध्ये कॉफी प्यायलो. तो म्हणाला, पुण्याला बदलीसाठी अर्ज करत नाहीये. मी म्हणाले, मी खोली बदलणार आहे, उजेडाची बघतेय. मग तो त्याच्या रस्त्यानं गेला, मी माझ्या.

दीड वर्षानं मला त्यांच्या लग्नाची पत्रिका आली. दोन भाषांत छापलेली. पाकिटावरचं अक्षर टीचरचं होतं. मी लग्नाला गेले नाही. त्या दिवशी ग्रंथालयात इतकी पुस्तकं लावली, की संध्याकाळी हात वर होईनात. मत्सर होता का? होता. माणूस मी स्वतः सोडला होता, तरी होता.

त्यानंतरच्या थंडीत मल्लेश्वरमच्या बाजारात ती दोघं मला समोरासमोर भेटली. अवरेकाईचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा, हंगाम होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या शेंगांचे ढीग. तो एका ढिगापाशी उकिडवा बसून भाजीवालीशी कन्नडमध्ये वाद घालत होता, शेंगा ताज्या नाहीत, हाताला तेल लागत नाही, वास नाही म्हणून. टीचरनी मला आधी पाहिलं. जवळ आल्या.

"रविवारी या," त्या म्हणाल्या. "अवरेकाळूचं सारू करणार आहे." सोललेल्या पावट्याची आमटी.

मी हो म्हणाले. शुक्रवारपर्यंत ठरवलं होतं, जायचं नाही. शनिवारी साडीला इस्त्री केली. रविवारी गेले. आम्हा दोघींमध्ये सुरुवातीला फार अवघडलेपण होतं, तो सारखा पाणी आणायला उठत होता. मग पानं वाढली. भात, सारू, मुद्दा. चव उत्तम होती, माझ्या हातापेक्षा किती तरी चांगली, आणि ते कळताच मला जरासं खुपलं. तरी मी दोनदा वाढून घेतलं.